पिठले आणि परगाव

आपल्या शाळेतून बाहेर पडणारे पुष्कळ विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी परगावी जातात. त्यांच्या सामानात पुस्तके असतात, अंथरूण-पांघरूण असते आणि आईने दिलेला लाडवांचा डबा असतो. लाडू आठवड्याभरात संपतात. माझे मत असे आहे की, निदान पिठले करता आल्यावाचून कोणत्याही मुलाला घराबाहेर पाठवू नये. येथे ‘मुलाला’ हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे; मुलींना हे न सांगता शिकविले जाते. पोटाची सोय हे याचे एक कारण झाले, पण ते लहान कारण.

1984 ते 1987 या काळात मी धारवाडास शिकत होतो. आम्ही चौघे एका खोलीत राहत असू. मी बेळगावचा, दुसरा खानापूरचा, तिसरा कारवारचा आणि चौथा विजापूरकडचा. दोघांची मातृभाषा मराठी, एकाची कोकणी, एकाची कन्नड. महिनाअखेरीस खानावळीचे पैसे संपले की रॉकेलच्या स्टोव्हवर पिठले शिजे. (खानावळ हा शब्द तिकडच्या पाट्यांवरही ‘खानावळी’ म्हणून सुखाने नांदतो.) पदार्थ एक, पण मते चार! आमच्या घरी लसूण-मिरचीची फोडणी देऊन पळीवाढे पिठले करीत. खानापूरच्या मित्राला ते गरम भातावरच हवे असे. कारवारच्या गृहस्थांना कोकम आणि ओले खोबरे घातल्यावाचून तो पदार्थ खाण्याजोगा वाटत नसे. विजापूरकडच्या मित्राची मागणी घट्ट झुणक्याची. त्याची आई तो ताटात थापून त्याच्या वड्या पाडी आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीसह वाढी. यावर रोज वाद होई. एका गोष्टीवर मात्र चौघांचे एकमत होते : पातेल्याच्या बुडाची खरवड ही सर्वोत्तम. ती कोणाची, हा पुन्हा वाद.

मला जे थोडे कन्नड आले ते त्या स्टोव्हपाशी आले. उप्पु म्हणजे मीठ, नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे. आपले तूप हे त्यांचे तुप्प, हे कळले तेव्हा मला आपल्याच घरातील एखादी जुनी वस्तू सापडल्यासारखे वाटले. घरमालकीणबाई जिन्यातून ‘ऊटा आयता?’ असे विचारीत. जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. त्या प्रश्नाला त्यांच्या भाषेत उत्तर देण्याने माझी मराठी काही उणी झाली नाही.

1986 साली बेळगावात कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झाले. गावाकडून येणाऱ्या बातम्यांनी आमची खोलीही दुभंगली. शब्दाने शब्द वाढला आणि दोन दिवस विजापूरकडचा मित्र व मी एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या संध्याकाळी बाकीचे दोघे बाहेर गेले होते आणि डब्यात डाळीच्या पिठावाचून काही नव्हते. त्याने मुकाट्याने स्टोव्ह पेटविला, फोडणी केली, आधण ठेवले. उकळत्या पाण्यात कोरडे पीठ पेरून पिठले करावयाचे तर एकाने पेरावे आणि दुसऱ्याने ढवळावे. एकट्या माणसाच्या हातून गुठळ्या हटकून होतात. मी पीठ घेऊन जवळ उभा राहिलो. ‘स्वल्प, स्वल्प,’ तो म्हणाला. थोडे-थोडे घाल. दोन दिवसांतील तो पहिला शब्द.

त्या रात्री सीमाप्रश्नावर आमचे एकमत झाले नाही, आजही झालेले नाही. बेळगावात मराठीचा मान राहावा, मराठी शाळा टिकाव्यात, हे माझे म्हणणे कायम आहे, त्याचे त्याच्यापाशी. पण ‘ते लोक’ हे शब्द त्यानंतर माझ्या तोंडून सहजी निघाले नाहीत. त्या लोकांपैकी एकाला मीठ किती लागते हे मला ठाऊक झाले होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकाची कामे आपण करीत आणि एका पंगतीस बसत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. समतेवरील व्याख्याने त्या काळीही पुष्कळ होत असत. भाऊरावांनी मुलांच्या हाती पळी दिली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आता कोणी म्हणेल की, हल्ली फोनवर सांगितले की जेवण दाराशी येते. येते खरे, पण प्रत्येकाचे निराळे येते, आणि चौघे चार डबे घेऊन चार कोपऱ्यांत बसतात. त्यात वाद नाही, आणि खरवडही नाही.

म्हणून माझी सूचना अशी : दहावीच्या निरोपसमारंभापूर्वी एक दिवस शाळेच्या पटांगणात पिठल्याचा असावा. एक वाटी डाळीचे पीठ, सुमारे तीन वाट्या पाणी, मोहरी, हिंग, हळद, लसूण, मिरच्या आणि कांदा, एवढ्यावर भागते. पेरावयास एक आणि ढवळावयास एक. जोड्या मात्र मुलांनी आपसांत ठरवू नयेत. त्या शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून लावाव्यात.