डार्विन, दशावतार आणि सोयीचा समेट

२०१८ सालच्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबाद शहरी भरलेल्या एका वैदिक संमेलनात केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा उत्क्रांतिसिद्धान्त शास्त्रीय दृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत त्यानुसार बदल झाला पाहिजे, असे प्रतिपादन केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठेही सांगितलेले वा लिहिलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. खात्याच्या कॅबिनेट मंत्र्यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्याचा सल्ला दिला, आणि थोड्याच दिवसांत ते वादळ शमले.

डार्विनला उघडपणे खोटे ठरवू पाहणाऱ्यांना उत्तर देणे अवघड नसते. अवघड असते ते दुसऱ्या, अधिक सुशिक्षित आणि अधिक सौम्य वर्गाला उत्तर देणे. हा वर्ग डार्विनला विरोध करीत नाही, उलट त्याचे स्वागतच करतो. तो म्हणतो, डार्विनने सांगितले ते आमच्या ऋषींनी दशावतारात आधीच सांगून ठेवले आहे. मग भांडण कसले? प्रस्तुत लेखक स्वतः बरीच वर्षे या वर्गात मोडत होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

अर्थशास्त्राच्या वर्गात डार्विन येण्याचे तसे कारण नाही. पण लोकसंख्येचे प्रकरण शिकवताना तो येतोच. थॉमस माल्थस हा इंग्लंडमधील चर्चचा धर्मोपदेशक. १७९८ साली त्याने लोकसंख्येवरील निबंध प्रसिद्ध केला आणि १८०५ साली ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवावयाचे अधिकारी तयार करण्यासाठी काढलेल्या कॉलेजात तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. अन्नापेक्षा तोंडे वेगाने वाढतात, हे त्याचे सूत्र. १८३८ साली डार्विनने तो निबंध वाचला आणि त्याला हवा असलेला दुवा सापडला: जन्मास येणारे सर्वच जीव जगू शकत नसतील, तर परिस्थितीला अनुकूल असा किंचितसा फरक ज्यांच्यात असेल ते अधिक संख्येने तगतील आणि तो फरक पुढच्या पिढीत उतरेल. आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या निसर्गशास्त्रज्ञाला १८५८ साली मलुकू बेटांत तापाने फणफणत असता हीच कल्पना सुचली, तीही माल्थसचीच आठवण होऊन. एका पाद्र्याच्या अर्थशास्त्रीय निबंधातून जीवशास्त्रातील सर्वांत मोठा सिद्धान्त निघावा, हा योगायोग विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमीच मौज वाटत आली आहे.

एकदा असा तास संपल्यावर वारकरी घरातला एक मुलगा मागे थांबला. त्याने विचारले, "सर, हे सगळं आपोआप झालं असेल, तर आमची आजी वारीला जाते ते चूक का?" मी त्याला दशावताराचे उत्तर दिले. आधी मासा, मग कासव, मग वराह, असे फळ्यावर लिहूनही दाखविले. मुलगा समाधानाने गेला. आपण त्याला फसविले, हे माझ्या ध्यानी यायला मात्र काही काळ जावा लागला.

दशावताराचा युक्तिवाद ऐकताना विलक्षण पटतो. जलचर मत्स्य, जळी-स्थळी वावरणारा कूर्म, भूचर वराह, अर्धा पशू व अर्धा मानव असा नृसिंह, खुजा वामन, परशू घेतलेला वनवासी परशुराम आणि मग मर्यादापुरुषोत्तम राम. परंतु ज्याने मूळ कथा वाचल्या आहेत, त्याला पहिल्याच पायरीवर ठेच लागावी. मत्स्य हा प्रलयातून मनूची नौका ओढून नेतो. म्हणजे मासा अवतरण्यापूर्वीच मनुष्य, नौका आणि दोर ही सर्व सामग्री हजर आहे! कूर्म मंदार पर्वताला पाठीवर घेतो तेव्हा वासुकीच्या दोन्ही टोकांना देव आणि दैत्य उभे आहेत. नृसिंह प्रकटतो तो प्रल्हाद नावाच्या बालकासाठी. वामन हा बटू आहे, अविकसित मानव नव्हे. आणि ज्याच्यापुढे तो हात पसरतो तो बळी तर असा राजा, की त्याचे राज्य पुन्हा यावे असे मराठी माणूस आजही म्हणतो. पायरीपायरीने सुधारत जाणाऱ्या जिवांची ही कथाच नव्हे. भक्ताच्या संकटकाळी कोणतेही रूप, अगदी माशाचे वा डुकराचेही, ईश्वराला कमीपणाचे वाटत नाही, हा तिचा आशय आहे. डार्विनशी तिची सोयरीक जुळविताना आपण हा आशयच गमावतो.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींचेही तेच. तेथे जीव एका योनीतून दुसऱ्या योनीत जातो, योनी मात्र आहेत तशाच राहतात. डार्विनच्या म्हणण्याप्रमाणे योनीच बदलतात. या दोन कल्पना एकमेकींच्या जवळच्या तर नाहीतच, जवळजवळ उलट आहेत.

आणि हा युक्तिवाद प्राचीन तरी कोठे आहे? अवतारांची डार्विनशी सांगड घालणारे आरंभीचे एक नाव मादाम ब्लाव्हात्स्की यांचे. त्यांचा ग्रंथ १८७७ साली न्यूयॉर्कमध्ये लिहून प्रसिद्ध झाला. बाई मुंबईत उतरल्या त्या १८७९ साली. पुढे बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांनीही तसाच सूर लावला. ब्लाव्हात्स्कीबाईंच्या आधी चार वर्षे, १८७३ साली, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त याच मत्स्य, कच्छ, वराहांचा अर्थ बाहेरून आलेल्या आक्रमकांचे म्होरके असा लावला होता आणि बळीला येथल्या शेतकऱ्यांचा राजा मानले होते. ज्या कथांतून एकाला जीवशास्त्र दिसते आणि दुसऱ्याला आक्रमणाचा इतिहास, त्या कथा जीवशास्त्राचा पुरावा म्हणून कशा चालणार?

अशा सोयरिकीचा धोका किती, याचा एक धडा आपल्याच भूमीत घडला आहे. १९३२ साली शिवालिक टेकड्यांत, आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे, येल विद्यापीठाच्या एडवर्ड लुइस या तरुण संशोधकाला एका प्राचीन वानराच्या जबड्याचा तुकडा सापडला. १९३४ साली त्याने त्या प्राण्याचे नाव रामपिथेकस ठेवले. शिवपिथेकस हे नाव त्याआधीच रूढ होते. पुढे १९६०च्या दशकात रामपिथेकस हाच मानवाचा आद्य पूर्वज, असे मत प्रबळ झाले आणि आमच्या पिढीने ते पाठ्यपुस्तकांत वाचले. मनुष्याचा मूळपुरुष हिंदुस्थानातला आणि त्यातून रामाच्या नावाचा, याचा आनंद झालेले शिक्षक मला आठवतात. मात्र १९६७ सालीच रक्तातील प्रथिनांची तुलना करणाऱ्या दोघा संशोधकांनी, मानव व आफ्रिकेतील वानर यांची फारकत इतकी जुनी असूच शकत नाही, असे दाखविले होते. अखेर पाकिस्तानातील पोटवार पठारावर चेहऱ्याची बरीच हाडे सापडली, ती ओरांगउटानच्या चेहऱ्याशी जुळली. ज्या डेव्हिड पिलबीम यांनी रामपिथेकसची बाजू हिरिरीने मांडली होती, त्यांनीच १९८२ साली ती शोधपत्रात प्रसिद्ध केली आणि आपले आधीचे मत सोडले. विज्ञानाला यात कमीपणा वाटला नाही. पण कोणी आपली रामभक्ती त्या जबड्याच्या तुकड्यावर टांगली असती, तर १९८२ नंतर तिचे काय झाले असते?

हे ओळखणारा एक धर्मगुरूच होता. विश्वाचा आरंभ एका आद्य अणूतून झाला, ही कल्पना मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथॉलिक पाद्री होते. १९५१ साली पोप बाराव्या पायस यांनी जाहीर भाषणात त्या सिद्धान्ताचा संबंध बायबलातील सृष्टिनिर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र आनंदित झाले नाहीत, अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांबाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. पोपनी पुढे त्या विधानाची पुनरुक्ती केली नाही. पाठिंबा मिळत असतानाही तो नको म्हणणे, हे श्रद्धेच्या बळाशिवाय साधत नाही, असे मला वाटते.

उत्क्रांतीचा पुरावा आता वादाच्या पलीकडे गेला आहे. जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातील कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांतून, त्यांच्या मृत्यूनंतर, इंडोहायस नावाच्या मांजराएवढ्या खूरवाल्या प्राण्याची हाडे मिळाली. सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशांच्या कानाच्या हाडासारखे असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. कच्छच्या खडकांतून प्राचीन देवमाशांचे अवशेष १९७०च्या दशकापासून अभ्यासले जात आहेत. जमिनीवरचा प्राणी समुद्रात कसा उतरला, याच्या अनेक पायऱ्या भारत-पाकिस्तानच्याच मातीत आहेत. चिंपांझीच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसाच्या २३. आणि आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेल्याची खूण मधोमध शिल्लक आहे. होताना कोणी पाहिले, असे विचारणाऱ्या मंत्रिमहोदयांना हा सांधा दाखविता आला असता.

मग श्रद्धेपुढे खरी अडचण कोणती? वानराशी नाते, ही आपल्याकडे मोठी अडचण नव्हेच. मारुतीच्या देवळात नारळ फोडणाऱ्या समाजाला त्या नात्याची लाज वाटण्याचे कारण नाही. अडचण दुःखाची आहे. डार्विनने तरुणपणी केंब्रिजला शिक्षण घेतले ते पाद्री होण्याच्या उद्देशाने. १८५१ साली त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली. १८६० साली एसा ग्रे या श्रद्धाळू अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने एका माशीचा दाखला दिला. ही माशी जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालते आणि तिची पिले त्या अळीला आतून खात वाढतात. दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने हे मुद्दाम योजले असेल, हे आपल्याला पटत नाही, असा त्याचा आशय होता.

आता आपल्याकडे पाहा. जवळपास तसाच प्रकार करणारी कुंभारीण माशी आपल्या घराच्या आढ्याला मातीचे घर करते, अळीला डंख मारून लुळी करते, त्या घरात कोंडते आणि शेजारी अंडे घालते. काही दिवसांनी घर फोडून माशी बाहेर येते. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे पाहून आपल्या पूर्वजांनी कीटक-भृंग न्याय रचला: माशीचे अखंड ध्यान करता करता अळीच माशी होते, तसा देवाचे ध्यान करणारा देवरूप होतो. वेदान्तग्रंथांत आणि संतसाहित्यात हा दृष्टान्त वारंवार येतो. जीवशास्त्र म्हणून तो साफ चुकीचा आहे. अळी माशी होत नाही, ती खाल्ली जाते. म्हणून ध्यानाविषयी संतांनी जे सांगितले ते खोटे ठरते काय? मुळीच नाही. दृष्टान्त गेला, अनुभव राहिला. पण ज्याने ही माशी एकदा खरोखर पाहिली, त्याला ईश्वराच्या दयेविषयी पूर्वीइतक्या सहजपणे बोलता येणार नाही, आणि येऊही नये. पूर्वकर्माचे उत्तर येथे तोकडे पडते. मनुष्य अवतरण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे हे भक्षण चाललेले आहे. त्या अळ्यांनी कोणते पाप केले होते?

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. तो जिवंत ठेवूनही श्रद्धा बाळगणारे आहेत, एवढे सांगता येते. ज्यांच्या १९७३च्या निबंधाने उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रात कशाचीच संगती लागत नाही असे ठणकावले, ते थिओडोसियस डॉब्झान्स्की ऑर्थोडॉक्स पंथाचे श्रद्धावान ख्रिस्ती होते. विठ्ठल अठ्ठावीस युगे उभा आहे असे म्हणणारा वारकरी काही कालगणना करीत नसतो. विटेचे वय काढून त्याची वारी थांबणार नाही. मात्र त्यानेही विटेचे वय सांगायला जाऊ नये.

बुद्धिवादी म्हणविणाऱ्यांचीही एक चूक येथे सांगितली पाहिजे, कारण तिची झळ आमच्या विषयाला लागली आहे. 'बळी तो कान पिळी' हे डार्विनचे सार म्हणून आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. टिकतो तो बलवान असे डार्विनने म्हटलेले नाही. त्या परिस्थितीला जुळणारा, आणि मागे संतती ठेवणारा टिकतो, एवढेच तो म्हणतो. जुळणाऱ्यांच्या टिकण्याविषयीचा तो गाजलेला शब्दप्रयोगदेखील मुळात हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४चा. निसर्गात असे घडते यावरून समाजात असेच घडावे हे निघत नाही. पण दुष्काळात सदावर्ते उघडू नयेत, गरिबांना आपले आपण निस्तरू द्यावे, असे सांगणाऱ्यांनी माल्थस आणि स्पेन्सर या दोघांचीही नावे वापरली. काय करावे हे विज्ञानाला विचारणे आणि जीव कसा घडला हे पुराणाला विचारणे, या माझ्या मते एकाच जातीच्या चुका आहेत.

त्या मुलाला मी एवढे सांगायला हवे होते: हे सारे खरे आहे, आजीच्या वारीशी त्याचे भांडण नाही, आणि तुझ्या मनात आलेला प्रश्न मोठा आहे, तो सोडू नकोस. त्याऐवजी मी त्याचा प्रश्नच बुजविला.

२०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या प्रकरणातून उत्क्रांती वगळली, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे परिषदेचे उत्तर होते. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणारा विद्यार्थी बारावीचे जीवशास्त्र वाचत नाही. पुढे बँकेत वा कचेरीत बसणारा, प्राथमिक शाळेत शिकविणारा तोच असतो. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात, सुदैवाने, विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा होता. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना मी त्या धड्याविषयी विचारतो. परीक्षेला काय आले होते ते बहुतेकांना आठवते. वर्गात त्यावर कोणी प्रश्न विचारला होता का, हे मात्र आजवर एकालाही सांगता आलेले नाही.