हरणाऱ्यांची मॅच कशाला बघायची?

मुलांचा हा प्रश्न रास्तच आहे. बंगळुरू एफसीने २०१८-१९ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली, अन् २०२३-२४ मध्ये तोच संघ १२ संघांत १० वा! डिसेंबर २०२३ मध्ये तर मुंबईने घरच्या कंठीरवा स्टेडियमवर ४-० ने धुतले. अशा वेळी 'पुढची नक्की जिंकू' असे सांगू नका. पुढच्या पराभवाला मुले तुमच्यावरच रुसतात. त्यांना सरळ वेस्ट ब्लॉकमध्ये न्या. 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' गुणतक्ता बघून गात नाहीत. (घसा बसतो, खडीसाखर जवळ ठेवा.) ७ डिसेंबर २०२४ रोजी तिथेच ४० वर्षांच्या सुनील छेत्रीने केरळविरुद्ध तीन गोल केले. त्या मोसमात संघ अंतिम फेरीत गेला आणि मोहन बागानकडून १-२ हरला. मुले रडली तर रडू द्या. निळा टी-शर्ट मात्र कपाटाच्या तळाशी जाऊ देऊ नका.