मुंबईला किती लागतात, बेंगळूरला किती?

शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही सहा जणांनी ठरवलं, एकदा राजधानी बघून यायची. चार मुली, दोन मुलगे, सगळे राज्यशास्त्राचे. तीन वर्षं विधिमंडळ, राज्यपाल, मंत्रिमंडळ यावर पानंच्या पानं लिहिली, पण ती इमारत कुणीच बघितली नव्हती. ठरवणं सोपं होतं. भांडण लागलं ते पुढच्या प्रश्नावर: राजधानी म्हणजे कुठली?

येळ्ळूरचा मित्र म्हणाला, यात विचारायचं काय, मुंबई. हुतात्मा चौकात उभं राहून फोटो काढायचा. खानापूरची मैत्रीण म्हणाली, अरे आपण मत देतो तो आमदार बेंगळूरला बसतो, ते बघूया की आधी. अर्धा तास वाद झाला. शेवटी मी वही काढली आणि मधोमध रेघ मारली. म्हटलं, तत्त्व नंतर, आधी पैसे बघू. मित्राने कपाळावर हात मारला. ‘काय खुळ्यागत हिशेब करालाईस?’

पण त्या खुळ्या हिशेबात मला जे दिसलं ते सीमाप्रश्नावरच्या कुठल्याही भाषणात ऐकलेलं नव्हतं. म्हणून लिहिते.

पहिली ओळ अंतराची. बेळगावातून बेंगळूर रस्त्याने सुमारे 500 किलोमीटर. मुंबईही तेवढीच. रस्ताही एकच, राष्ट्रीय महामार्ग 48, ज्याला घरातली मोठी माणसं अजून चार नंबरच म्हणतात. आमच्या गावाबाहेर उभं राहून उजवीकडे गेलं की एक राजधानी, डावीकडे गेलं की दुसरी. रेल्वेचंही तसंच. लोंढा, हुबळीवरून बेंगळूर सुमारे 600 किलोमीटर आणि मिरज, पुण्यावरून दादरही सुमारे 600. रेल्वे भाडं लावते किलोमीटरवर. त्यामुळे स्लीपरचं तिकीट दोन्हीकडे चारशेच्या आसपास, फरक पडला तर चहाच्या पैशांचा. राणी चन्नम्माने रात्री बसलं की सकाळी बेंगळूर. हुबळी–दादर गाडीने बसलं की सकाळी दादर. वहीच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा. रेल्वेला सीमाप्रश्न माहीत नाही, असं म्हणून आम्ही हसलो.

वंदे भारत आम्ही एका मिनिटात खोडली. ऑगस्ट 2025 पासून बेळगावातून थेट बेंगळूरला आहे, पण तिकीट हजाराच्या वर. मुंबईच्या बाजूची 2024 ची हुबळी–पुणे, तीही आठवड्यातून तीन दिवस आणि पुण्यातच संपते. आमच्या खिशाला दोन्ही सारख्याच लांबच्या.

मग बसची ओळ आली आणि हिशेब बिघडला.

जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्याच्या आतल्या साध्या आणि वेगदूत गाड्यांत बाईला तिकीट नाही. म्हणजे तिकीट मिळतं, पण शून्य रुपयांचं. फक्त कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवायचं. माझ्या आधारवर पत्ता बेळगावचा आहे. तेव्हा मी आणि माझ्या तीन मैत्रिणी लाल गाडीत दहा-अकरा तास बसायची तयारी ठेवली तर बेंगळूरला फुकट जाणार, फुकट येणार. बेंगळूरच्या आत सिटी बसही फुकट. दोन मुलगे मात्र पूर्ण तिकीट काढणार, तेही जानेवारी 2025 च्या 15 टक्के भाडेवाढीसकट. (मुंबईच्या बाजूने त्यांना दिलासा मिळेल म्हणाल तर तो नाही. एसटीनेही त्याच महिन्यात 14.95 टक्के वाढवले. दोन्ही सरकारांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला आठवत नाही.)

आता मुंबईचा रकाना. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून महिला सन्मान योजना आहे, एसटीच्या सगळ्या गाड्यांत बाईला अर्धं तिकीट. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. बेळगावात एसटीत बसल्यापासून दूधगंगेच्या पुलापर्यंत, म्हणजे सुमारे 90 किलोमीटर, मी पूर्ण पैसे भरायचे. हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी, सगळं पूर्ण. पूल ओलांडून कागलची हद्द लागली की मी ‘महिला’ होते आणि माझा सन्मान सुरू होतो.

निपाणीची माझी मावशी यात पटाईत आहे. कोल्हापूरला दवाखान्यात जायचं असलं की ती आधी कर्नाटकाची फुकटची गाडी धरून हद्दीजवळ जाते, मग पलीकडून अर्ध्या तिकिटाची एसटी. पैसे वाचतात, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन गाड्या बदलायला लागतात आणि मधे उन्हात उभं राहावं लागतं. थेट जायचं तर थेटचे पैसे. हद्दीजवळच्या गावांत अशा कितीतरी मावश्या आहेत. नकाशावरची सीमा आम्ही पुस्तकात शिकलो, त्यांना ती कुठल्या थांब्यावर आहे ते पैशांत माहीत आहे.

आता जे लिहिते ते या पानावर काहींना आवडणार नाही.

27 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नागपूरच्या अधिवेशनात एकमताने ठराव केला की बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी या शहरांसह 865 गावांची इंच न् इंच जमीन महाराष्ट्रात आणू. आम्ही सगळ्यांनी तो स्टेटसला ठेवला होता. मीही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत एसटीची सवलत आली आणि त्यात ही अट आली, राज्याच्या हद्दीपर्यंत. ठरावात मी आपली आहे, तिकिटावर नाही. आणि ज्या सरकारशी आपण भाषेसाठी भांडतो, ज्याच्या कार्यालयात मराठी कागद मागितला की तोंड फिरवलं जातं, त्या सरकारने मला तिकिटावर आपली म्हणून मोजलंय. शून्य रुपये.

मला हे लिहिताना बरं वाटत नाही. पण हिशेब केला आणि तो लपवला तर वही कशाला काढायची?

आमच्यातल्याच एकाने टोमणा मारला, ‘फुकट मिळालं की लगेच कन्नड झालात होय गं?’ चौघींनी त्याला चांगलाच झापला. ती योजना कुणाच्या घरातून आलेली नाही. माझे वडील ज्या दुकानात काम करतात तिथून जाणारा कर, माझ्या पेट्रोलवरचा कर, सगळा बेंगळूरला जातो. त्यातून आलेलं तिकीट घेतल्याने माझी मातृभाषा बदलत नाही. उलट आपण घेत नाही म्हणून बसलो तर कमी होतो तो आपला हक्क. हक्क मागणाऱ्या चळवळीने मिळालेला हक्क लाजत वापरावा, हे मला पटत नाही.

शहरात उतरल्यावरचा खर्च चटकन सांगते. मुंबईत राहायचा प्रश्न नव्हता. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातलं कोण ना कोण गिरणीत गेलेलं असतंच. पूर्वी अशी घरं लालबाग-परळला असायची, आता डोंबिवली आणि विरारला आहेत. राहणं फुकट, पण रोज लोकलचा दीड तास. लोकल मात्र स्वस्त, दादर ते सीएसएमटी सेकंड क्लास पाच रुपये. बेस्टचं किमान भाडं मे 2025 पासून दहा झालं. बेंगळूरला नातेवाईक नाहीत, मेजेस्टिकजवळ लॉज बघावं लागणार, सहा जणांना दोन खोल्या, दोन रात्री. मेट्रोही 2025 मध्ये महागली, लांबचं तिकीट नव्वदपर्यंत जातं. दर्शिनीत उभ्याने इडली खाऊन पोट भरतं म्हणा. एकूण बघता बसचे वाचलेले पैसे लॉजमध्ये गेले.

एक खर्च रुपयांत लिहिता येईना. बेंगळूरला रिक्षावाल्याशी मी कन्नडमध्ये बोलणार आणि तो माझे हेल ऐकून हिंदीवर येणार. डोंबिवलीत आत्याच्या शेजारीण माझं मराठी ऐकून विचारणार, ‘तुम्ही कर्नाटकातून आलात का?’ हे मला दोन्हीकडे झालेलं आहे. याचा रकाना आम्ही रिकामाच ठेवला.

आणखी एक ओळ निपाणीच्या मैत्रिणीने घालायला लावली: ‘गाड्या बंद पडल्या तर.’ हसू नका. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राचे दोन समन्वय मंत्री बेळगावला येणार होते. ते आले नाहीत, पण त्यावरून जे पेटलं त्यात दोन्हीकडच्या गाड्यांवर दगड आणि काळं पडलं. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून बसवाहकाला मारहाणीचं प्रकरण झालं, मग चित्रदुर्गात एसटीच्या चालकाला, आणि पुन्हा गाड्या थांबल्या. त्या आठवड्यात मी कोल्हापूरला होते. कागलला उतरले, पुढे पूल चालत, मग वडापमध्ये चौदाव्या माणसाच्या मांडीला मांडी लावून निपाणी. नेहमीच्या दुप्पट पैसे. माझ्याबरोबर केमोथेरपी घेऊन परतणारे एक आजोबा होते, त्यांची सून त्यांची फाईल छातीशी धरून चालत होती. वाहकाला मारून मराठीचं काय भलं झालं ते मला कुणी सांगावं. आणि चालकाला काळं फासून कन्नडचं काय झालं तेही. त्या पुलावर चालणाऱ्यांत दोन्ही भाषा होत्या.

तर मुद्दा असा. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा 2004 पासून आहे. तो तिसऱ्या राजधानीचा प्रवास, त्याचं भाडं आपल्या आधीची पिढी भरत आलीय. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण एसटीची ती अट निकालाची वाट बघत नाही. गाडी महाराष्ट्राची, सवलत महाराष्ट्राची, तिकिटाचं मशीन महाराष्ट्राचं. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदर, भालकी या थांब्यांपर्यंत महिलांना अर्धं तिकीट द्यायला आणि 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास द्यायला महाराष्ट्राला कुणाची एक इंच जमीन लागत नाही. सवलतीची भरपाई महाराष्ट्र सरकारच एसटीला देतं, ती या नव्वद किलोमीटरचीही द्यावी.

पैसे नाहीत म्हणाल तर 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना याच 865 गावांना लागू केलीच की. ओळख कशी पटवणार म्हणाल तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला सीमाभागातल्या उमेदवारांचा वेगळा प्रकार आहे, त्याचे दाखले आपण वर्षानुवर्षं काढतोय. दवाखान्यात गेल्यावर आपण महाराष्ट्राचे आणि दवाखान्यापर्यंत जाताना परके, हे कसं? योजनेचं कार्ड घेऊन कोल्हापूरला पोचायचं तर आधी एसटीतच बसावं लागतं.

दुसरी मागणी दोन्ही सरकारांकडे. आंतरराज्य वाहतुकीचा करार दोन्ही राज्यांत आहेच, कुणाच्या किती गाड्या किती किलोमीटर धावणार ते त्यात ठरतं. त्यात एवढंच घाला की तणावात गाड्या थांबवायच्या वेळी पोलीस बंदोबस्तात रुग्ण आणि परीक्षार्थींसाठी सकाळ-संध्याकाळ गाडी चालू राहील. कोगनोळी ते कागल एवढ्यापुरती जरी धावली तरी पुष्कळ.

मोठ्या सभेत या मागण्यांना टाळ्या पडणार नाहीत, मला कल्पना आहे. ‘बेळगावसह संयुक्त महाराष्ट्र’ ही घोषणा मीही देते, 17 जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला मीही जाते. पण आजींना बिनपैशांनी कोल्हापूरच्या दवाखान्यात जाता आलं तर त्यांना महाराष्ट्र आपला वाटायला ठराव वाचावा लागणार नाही.

आमच्या सहलीचं विचाराल तर वहीची बेरीज जवळजवळ सारखी आली. मुंबई माणशी थोडी स्वस्त, तीही आत्यामुळे. बेंगळूर मुलींना स्वस्त, मुलांना महाग. मुलग्यांना एकटे पैसे भरायला लावणं बरं दिसेना, म्हणून सगळ्यांनी स्लीपर काढलं, दादरचं. बेंगळूरला आम्हा चौघींना भरतीच्या परीक्षेला जायचंच आहे, तेव्हा लाल गाडीने जाऊ आणि विधानसौध बघून येऊ. सहापैकी चार तिकिटं कन्फर्म आहेत, दोन आरएसी.

तुमच्यापैकी जे एसटीने सीमा ओलांडतात त्यांच्यासाठी एक काम आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार किंवा बिदरकडून महाराष्ट्रात जाताना किंवा येताना काढलेलं महिलेचं किंवा ज्येष्ठाचं तिकीट, ज्यात हद्दीपर्यंत एक भाडं आणि पुढे दुसरं लागलंय, ते टाकू नका. फोटो काढून या पानावर पाठवा, तारीख आणि थांबा दिसू दे, नाव झाकलं तरी चालेल. पन्नास तिकिटं जमली की अर्जाला जोडून समन्वय मंत्र्यांकडे आणि परिवहन मंत्र्यांकडे देऊ. मावशीची तीन तिकिटं माझ्याकडे आली आहेत.