गोळी लपवून का घ्यायची?

रमजानच्या पहिल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी वर्ग संपल्यावर थांबली. 'सर, सहेरीला घरातले सगळे एकत्र बसतात. गोळी लपवून घ्यावी लागते. म्हणून यंदा बंदच केली.'

छातीत धडधड, हातांना घाम, परीक्षेआधी रात्र रात्र झोप नाही, हा तिचा त्रास तिने वर्षभरापूर्वी मला सांगितला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, 'नमाज पढ, दुआ कर, मन घट्ट ठेव.' हेतू वाईट नव्हता. पण तिने त्यातून एवढेच घेतले, की आपले ईमानच कच्चे आहे. घरात आपणच सगळ्यांत कमी. नंतर ती डॉक्टरांकडे गेली ती एकटीच, घरी न सांगता.

कुरआनात सूरह अल-बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत रोज्याचा आदेश आहे, तिथेच आजारी माणसाला सवलतही आहे. आजार शरीराचाच हवा, अशी अट तिथे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः चिंता आणि दुःखापासून अल्लाहकडे आश्रय मागत. इ.स. 934 मध्ये निधन पावलेले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी तर शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर मिळून एक ग्रंथ लिहिला. हजार वर्षांपूर्वी जे समजले होते, ते आपण विसरलो.

रमजानमध्ये झोप तुटते, दिवसाचा चहा बंद होतो. डोके दुखते, चिडचिड होते. बहुतेकांना काही दिवसांत सवय होते. पण ज्यांचे औषध सुरू आहे, त्यांनी ते मनाने बंद करू नये. गोळीची वेळ बदलता येईल का, रोजा धरावा की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. लिथियमसारखे औषध चालू असताना शरीरातले पाणी कमी झाले, तर धोका होऊ शकतो. कुणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.

हे केवळ आमच्या मोहल्ल्यापुरते नाही. एकादशीला मधुमेहाच्या आईला सगळे म्हणतात, 'उपास राहू दे, खाऊन घे.' मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्या सुनेला मात्र विचारतात, 'तुला कमी काय आहे?'

ती विद्यार्थिनी पुन्हा डॉक्टरांना भेटली. या वेळी सोबत आई होती. गोळीची वेळ आता इफ्तारनंतरची आहे. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी ती रोजा धरत नाही. परवा सांगत होती, 'आता अम्मीच पाण्याचा ग्लास आणि गोळी पुढे करते.'

आज इफ्तारला बसताना शेजारच्याला 'रोजा आहे ना?' एवढेच विचारू नका. 'बरा आहेस ना?' असेही विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.