कुतच्या बंदिवानांची नावे

आज २९ एप्रिल. १९१६ साली याच तारखेस टायग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कुत-अल-अमारा या गावी जनरल टाउनशेंड यांनी एकशे सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर तुर्कांपुढे शस्त्रे ठेविली. शस्त्रे ठेवणाऱ्या त्या सैन्याचे नाव सहावी पूना डिव्हिजन. नावात पुणे होते आणि माणसांत महाराष्ट्र. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या मुलखांतून भरती झालेले कुणब्या-मराठ्यांचे ते पोरगे. त्यांच्यासह पंजाबी, राजपूत, गुरखे, डॉर्सेट व नॉरफोकचे गोरे शिपाई आणि भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले असे सुमारे तेरा हजार जीव त्या दिवशी बंदिवान झाले.

आम्ही पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत होतो. पहिल्या महायुद्धाच्या धड्यात साराजेव्होचा खून असे, व्हर्सायचा तह असे, कुत नसे. आम्हीही ते कधी शिकविले नाही, आणि वर्गातील एखाद्या मुलाचा पणजा तेथे वाळूत पडला असेल ही शंकाही आमच्या मनास शिवली नाही. हे कबूल करूनच पुढे लिहिणे बरे.

या शोकांतिकेचा आरंभ शरणागतीच्या फार आधी झाला होता. मेसोपोटेमियाची मोहीम हिंदुस्थान सरकारने चालविली, आणि ती काटकसरीने चालविली. बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, औषधे अपुरी; टेसिफोनच्या लढाईतील जखमींचे काय हाल झाले ते १९१७ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात सविस्तर नमूद आहे. त्या अहवालापायी भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. वेढ्यात टाउनशेंड यांनी अन्नसाठ्याचा अंदाज प्रथम फार कमी कळविला, त्यामुळे सोडवणुकीस निघालेली फौज अपुऱ्या तयारीनिशी पुनःपुन्हा शत्रूवर घालण्यात आली. तिचे सुमारे तेवीस हजार लोक मारले गेले वा जखमी झाले. कुत सुटले नाही. आत घोडे मारून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांनी धर्मास्तव ते मांस कित्येक आठवडे नाकारले. त्यांची हिरडी सुजली, दात हलू लागले. रोजचे पीठ काही औंसांवर आले. एवढ्या अशक्त माणसांना मग चालविण्यात आले.

कैद झाल्यावर पहिली गोष्ट घडली ती ही की, अधिकारी आणि शिपाई यांची ताटातूट करण्यात आली. अधिकारी बोटीने बगदादला गेले. शिपाई वाळवंटातून पायी निघाले. बगदाद, सामर्रा, तिक्रित, मोसुल, निसिबिन आणि शेवटी रास-अल-ऐन. मधला एक टप्पा आगगाडीचा, बाकी सारे पायांवर, मे-जूनच्या उन्हात. वाटेत भाकरीसाठी लोकांनी बूट विकले, सदरे विकले, आणि बूट विकलेला माणूस तापलेल्या वाळूवर फार दूर जात नाही. पाण्यासाठी मागे राहिलेल्यांचा शोध पुन्हा लागला नाही. जे पोचले त्यांतील गोऱ्या शिपायांना तॉरस व अमानुस पर्वतांतील बोगद्यांच्या कामावर धाडले गेले; हिंदी लोक बहुतांशी रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेचा रस्ता बांधीत राहिले. याच काळात टाउनशेंडसाहेब कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर एका बंगल्यात सुखाने राहत होते. त्यांचा आवडता कुत्रा तुर्कांनी सौजन्यपूर्वक इंग्रजांच्या छावणीकडे परत पाठविला होता, आणि त्यांना स्वतःला 'सर' ही पदवीही मिळाली.

येथे तुर्कांवरच सारा ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे; ते न्यायाचे होणार नाही. तुर्की शिपाईही त्या वर्षी उपाशी आणि अनवाणीच होता. परंतु जे सरकार कैदी पकडते त्याने त्यांना पोसले पाहिजे, हे १९०७ च्या हेग नियमांत लिहिलेले होते. त्याच नियमांत आणखी एक कलम होते: कैद्यांकडून काम करून घेता येईल, अधिकाऱ्यांकडून मात्र नाही. बंदिवासातही वर्ग राहतो तो असा, आणि कुतमध्ये जगण्यामरण्याची वाटणी पुष्कळशी त्याच रेषेवरून झाली. गोऱ्या शिपायांपैकी सुमारे सत्तर टक्के परतले नाहीत. हिंदी मृतांचा आकडा अडीच ते तीन हजारांच्या घरात सांगतात. तो नेमका नाही, कारण मोजणीच नीट झाली नाही. भिस्ती आणि खेचरवाले कोणाच्या हिशेबात धरायचे, हेही ठरलेले नव्हते.

मग जे वाचले ते कसे वाचले? अमेरिका युद्धात उतरेपर्यंत तिच्या वकिलातीमार्फत थोडा पैसा पोचे, हे खरे. पण अधिक भार वाहिला तो शिपायांबरोबर राहिलेल्या हिंदी डॉक्टरांनी आणि शुश्रूषकांनी. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे वैद्यकीय सेवेतील बंगाली डॉक्टर रास-अल-ऐन येथे रुग्णांची सेवा करीत असताना १९१७ साली तापाने गेले. त्यांची पत्रे त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदादेवींनी, १९२८ साली चरित्रासह छापली. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचे शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी आपली रोजनिशी फाडून तिची पाने बुटांत दडवून नेली, आणि त्या टिपणांवरून पुढे चाळीस वर्षांनी बंगालीत पुस्तक लिहिले. अलेप्पोच्या रुग्णालयात आर्मेनियन निर्वासित, तुर्की जखमी आणि हिंदी कैदी यांच्या सहवासात त्यांनी जे पाहिले ते त्यात आहे. एका आजीच्या हट्टामुळे आणि एका जोडी बुटांमुळे बंगालला आपले कैदी ठाऊक आहेत. आमच्या मराठा शिपायाला लिहिता येत नव्हते. त्याच्या घरी आली असेल तर एक तार आली, बहुतेकांच्या घरी तीही आली नसेल.

त्याच्या स्मरणाची व्यवस्था झाली ती बसरा येथील स्मारकावर. तेथे चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. त्यांत ब्रिटिश शिपायांची नावे कोरलेली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या आहे. १९९७ साली हे स्मारकच उचलून बसऱ्यापासून दूर, नासिरियाच्या रस्त्यावर उभे करण्यात आले. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने हा भेदभाव २०२१ साली आपल्याच चौकशी अहवालात मान्य केला, आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. माफी स्वीकारण्यास आमची हरकत नाही. परंतु आमच्या घरातील हिशेब काय सांगतो? सातारा जिल्ह्यात आणि कोकणात गावोगावी चावडीच्या वा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांतील इतके मेले, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. आपशिंगे गावाचा आकडा ४६ आहे. साहेबाने आकडे कोरले आणि आपण शतकभर त्यांना हार घालीत आलो. त्या सेहेचाळीस जणांना हाक मारायची झाली तर काय म्हणून मारायची, हे विचारण्याची गरज आपल्याला वाटली नाही.

स्वराज्यानंतर ही उदासीनता गेली असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. १९७१ च्या युद्धातून न परतलेल्या ज्या ५४ जवानांबद्दल त्यांचे नातलग आजही सरकारची दारे ठोठावीत आहेत, त्यांची नावे तरी आपल्याजवळ आहेत. २००७ साली नातलगांचे एक पथक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही. तेव्हापासून सरकारी उत्तराचा सूर बदललेला नाही. पकडल्या गेलेल्या शिपायाचे काय झाले हे शोधण्याची जबाबदारी त्याला पाठविणाऱ्याची असते, तिला मुदत नसते, आणि ती त्याच्या बायकोच्या अर्जावर अवलंबून ठेवता येत नाही.

कुतच्या बाबतीत तर कोणाशी वाटाघाटी करायच्या नाहीत, कोणत्याही परराष्ट्राची परवानगी घ्यायची नाही. आयोगाच्या नोंदी आता शोधता येतात, पलटणींची दप्तरे आहेत, बेळगावचे मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे, प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. राज्य सरकारने चार इतिहासाचे पदवीधर आणि एक वर्षाचा खर्च एवढे दिले, तर गावनिहाय याद्या तयार होऊ शकतील. त्यात लढवय्यांच्या बरोबरीने भिस्ती आणि खेचरवालेही धरावेत. आरंभ सातारा आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांपासून करावा. तेथील कित्येक पाट्यांखाली अजून हातभर भिंत मोकळी आहे.