एकराने विकायचे, फुटाने विकत घ्यायचे

नगर शहरातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. पुण्याचा रस्ता घ्या, मनमाडचा घ्या, सोलापूरचा, दौंडचा, जामखेडचा नाहीतर पाथर्डीचा. शेवटचे घर मागे पडते न पडते तोच ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा दिसतात, रंगवलेले दगड रोवलेले दिसतात आणि प्लॉट विकण्याची पाटी दिसते. सावेडी, केडगाव, नागापूर, बोल्हेगाव ही एकेकाळची शेतकऱ्यांची गावे. आज ती शहरात मोडतात. २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेतीन लाखांवर गेली. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले. शहर वाढते आहे आणि ते आपल्या शिवारात वाढते आहे.

शेवगावच्या कापूसवाल्याला किंवा जामखेडच्या ज्वारीवाल्याला वाटेल, हा नगरच्या कडेच्या चार गावांचा प्रश्न, आपला काय संबंध? पण शेवगाव, जामखेड, कर्जत, पारनेर या कालपरवापर्यंतच्या ग्रामपंचायती. आज तिथे नगरपरिषदा नाहीतर नगरपंचायती आहेत. सुप्याला औद्योगिक वसाहत आली, तशी आसपासच्या माळरानालाही गिऱ्हाईक आले. आज ना उद्या दलाल प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेरच्या बांधावर उभा राहणार आहे. तो येण्याआधी हिशेब समजून घेतलेला बरा.

हिशेब एका एकराचा

शेतकरी जमीन एकराने विकतो. दलाल तीच जमीन गुंठ्याने विकतो. घरे बांधणारा ती चौरस फुटाने विकतो. एकराचे गुंठे ४०, गुंठ्याचे चौरस फूट १०८९. समजा, कडेच्या गावात एका एकराचे २५ लाख मिळाले. आकडे हिशेबापुरते आहेत, आपापल्या गावचा भाव प्रत्येकाने घालून पाहावा. रस्ते आणि मोकळी जागा सोडून २६ गुंठे उरले आणि गुंठा ३ लाखाने गेला, तर दलालाच्या हाती ७८ लाख आले. मोजणी, कागदपत्रे, मुरुमाचा रस्ता, साहेबांच्या फेऱ्या, सगळा खर्च वजा करा. तरीही दोन वर्षांत त्याने जे मिळवले, ते आपल्या तीन पिढ्यांनी त्या रानात मिळवले नव्हते.

मग शेतकरी एवढा भोळा का? तो भोळा नाही, तो अडलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. जिरायती एकरात पाच क्विंटल कापूस झाला, तर सगळे मिळून ३८,५५० रुपये. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी वजा करा. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. म्हणजे आपला माल बाजारात यायच्या वेळेला बाहेरच्या मालाला दार उघडे. अशा हंगामानंतर मुलीचे लग्न आणि सोसायटीची वसुली एकदम आली, की इसार घेऊन आलेला दलाल देवासारखा वाटतो. पिकाला भाव नाही म्हणून जमीन विकावी लागते, आणि घाईने विकावी लागते म्हणून जमिनीलाही भाव मिळत नाही.

बंधने कोणावर?

जमीन आई आहे, ती विकू नये, असा उपदेश शहरातली माणसे करतात. आईला भाकरी मिळू नये असे धोरण आखणाऱ्यांनी तो करू नये. ज्याची जमीन, त्याने ती ठेवावी की विकावी हे ठरवावे. पण ते ठरवण्याची मोकळीकच आपल्याला नाही. १९४८ चा कुळकायदा शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकू देत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा जिरायतीला ५४ एकरांची मर्यादा घालतो. हे दोन्ही कायदे घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवलेले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या जमिनीवर १९७६ साली तशीच मर्यादा आली होती. ती २००७ साली महाराष्ट्राने रद्द केली. शहरातला जमीनवाला सुटला. शेतकरी अजून खुंट्यालाच बांधलेला आहे.

तीच गत विकास आराखड्याची. साहेबांनी नकाशावर रंग भरले की एका भावाचे रान पिवळ्या पट्ट्यात येते आणि त्याला सोन्याचा भाव येतो. दुसऱ्याचे हिरव्या पट्ट्यात राहते, तिसऱ्याच्या रानावर शाळा नाहीतर बागेचे आरक्षण पडते. बांध एकच, पण एक लखपती आणि दोघे जागच्या जागी. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडले त्याने लक्षात ठेवावे : १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उठते. किती जणांना हे माहीत आहे?

घेणारा कोण?

आता दुसरी बाजू पाहू. त्या रेघांमधला एक गुंठा घेतो कोण? तो नागापूरच्या कारखान्यात हेल्पर असलेला पाथर्डीचा पोरगा असतो. एस.टी.चा कंडक्टर असतो, ऊसतोडीतून सुटू पाहणारे कुटुंब असते. म्हणजे विकणारा शेतकरी आणि घेणाराही शेतकऱ्याचाच पोर. १९४७ चा तुकडेबंदी कायदा लहान तुकड्याची खरेदी होऊ देत नाही. २०२३ साली जिरायतीला २० गुंठ्यांचे प्रमाणक्षेत्र ठरले. पण गरिबाला घरापुरता एकच गुंठा हवा असतो. मग साठेखत, नोटरी, कुलमुखत्यारपत्र अशा कच्च्या कागदांवर व्यवहार होतात. पैसे पूर्ण जातात, सातबाऱ्यावर नाव लागत नाही. घरे होतात, पण रस्ता दहा फुटांचा, गटार नाही, नळाला पाणी नाही. पावसाळ्यात ओढा घरात येतो, कारण प्लॉट पाडताना ओढ्यावरही चुना ओढलेला असतो. मग हद्दवाढ होते. घरपट्टी आधी येते, पाणी मागाहून.

सरकार काय करते? २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून त्या वर्षापूर्वीची बांधकामे नियमित करायला घेतली. २०२१ साली तीच तारीख २०२० अखेरपर्यंत पुढे ढकलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून निवासी पट्ट्यातले तुकड्यांचे जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करायची वाट मोकळी केली. घेणाऱ्याच्या कागदाची सोय झाली, चांगले झाले. पण कागद नियमित झाल्याने रस्ता रुंद होत नाही. आधी बंदी, मग डोळेझाक, मग माफी, यालाच आपल्याकडे नियोजन म्हणतात.

मग मार्ग काय?

मार्ग कायद्यातच आहे. नगररचना योजना ही १९१५ पासूनची तरतूद. त्यात लगतच्या शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र मोजायच्या, रस्ते, गटारे, शाळा यांना लागणारी जागा सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात काढायची आणि उरलेली जमीन आखीव भूखंड म्हणून ज्याची त्याला परत द्यायची. क्षेत्र कमी होते, पण रस्त्यावरचा भूखंड हाती येतो आणि मालकी जात नाही. गुजरातेत शहरे अशी वाढवली गेली. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे निम्मी जमीन भूखंडरूपाने परत देण्याची योजना झाली. हडपसरला मगरपट्ट्यात तर सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि जमीन विकण्याऐवजी भागीदार झाले. नगर म्हणजे पुणे नव्हे, तेवढा भाव इथे येणार नाही. पण दहा जणांनी मिळून पंधरा एकरांचा विचार करायला पुण्याची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून या बैठकीत प्रत्येक गावाने तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, इसार घेण्याआधी आराखड्यात आपला गट कोणत्या पट्ट्यात येतो ते स्वतः पाहून यावे, दलालाच्या तोंडून ऐकू नये. दोन, शेजारी बांधाला बांध लावून एकत्र बसल्याशिवाय कोणी एकटा सही करू नये. तीन, घरातल्या बाईला आणि बहिणीला केवळ हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायला बोलावू नये. १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत हक्क आहे. व्यवहाराच्या बोलणीलाही तिने बसावे आणि पैशातला वाटा तिच्या नावावर पडावा.

सरकारकडे मागणे एकच आहे. शेतमालाच्या भावात हात घालू नका आणि जमिनीवरची बंधने उठवा. शहराला जमीन हवी असेल तर आम्हाला भागीदार करून घ्या. शहर आमच्या रानात येतेच आहे. ते आल्यावर आमच्या पोरांनी तिथे वॉचमन म्हणून उभे राहायचे की मालक म्हणून, हे इसार घेण्याच्या दिवशी ठरत असते.