‘काळ मागे फिरव’ अशी कमांड खरंच असते का?

डेटाबेससाठी खोट्या कमांड शोधून काढायचा खेळ मला भारी आवडतो. ‘ड्रॉप ग्रॅव्हिटी’ टाइप केलं की ऑफिसातल्या खुर्च्या तरंगायला लागतात. ‘डिलीट सोमवार’ केलं की रविवारनंतर थेट मंगळवार!

पण यातली एक गंमत जवळपास खरी आहे. स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसमध्ये ‘अनड्रॉप’ नावाची कमांड आहे. उडवलेलं टेबल ती परत आणते, आणि या सोयीचं नावच ‘टाइम ट्रॅव्हल’. यात जादू काही नाही. डिलीट केल्यावरही जुनी प्रत ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवलेली असते. साधारण एक दिवस, महागड्या प्लॅनमध्ये जास्तीत जास्त 90 दिवस. मुदत संपली की ही कमांड चालत नाही.

आता मुद्द्याचं. जुलै 2025 मध्ये रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस उडवला. तेही ‘काही बदलू नको’ असं बजावलेलं असताना! वर एजंट म्हणाला, रोलबॅक शक्य नाही. लेमकिन यांनी करून पाहिलं, तर डेटा परत आला. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि प्रयोगाचा व चालू डेटाबेस वेगळे ठेवायचं जाहीर केलं.

सगळे एआयवर तुटून पडले. मला मात्र खरी गडबड परवानगीत दिसते. एजंटच्या हातात चालू डेटाबेसची किल्ली होतीच कशाला? माणसंही हेच करतात. 2017 मध्ये गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं आणि सुमारे 300 जीबी डेटा उडाला. बॅकअपच्या पद्धती बऱ्याच होत्या, पण ऐनवेळी त्या कामी आल्या नाहीत. सहा तास जुनी एक प्रत सापडली म्हणून निभावलं.

म्हणजे काळ मागे फिरतो, पण आधी कुणीतरी प्रत ठेवली असेल आणि ती उघडून तपासली असेल तरच.

तुमच्या फोनचंही तेच. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो डिलीट केल्यावर ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, बॅकअप नसेल तर 30. त्यामुळे एखाद्या एआय अ‍ॅपला ‘सगळ्या फाइल्स’ची परवानगी देण्याआधी एवढंच विचारा: याने चुकून सगळं उडवलं, तर माझी दुसरी प्रत कुठे आहे?